अक्काचं माहेर कोणत्या मतदारसंघात

एरंडोल नावाचा लोकसभेचा मतदारसंघ आता राहिला नाही. नवी आखणी झाली, त्यात तो मोडला आणि त्यातली गावं इकडेतिकडे वाटली गेली. हे कळलं तेव्हा मी ट्रंकेतली जुनी वही काढली. नव्वद सालच्या उन्हाळ्यात मी पहूरहून धुळ्यापर्यंत जाऊन आले होते आणि परत आल्यावर आठ दिवसांत ते सगळं त्या वहीत उतरवलं होतं. तेच आता नीट करून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, तेवढं सांभाळून घ्या. लोक काशीला जाऊन येतात आणि मोठी वर्णनं लिहितात. मी तीन दिवसांत सहा-सात एस.टी. बदलल्या, एवढाच माझा प्रवास. पण निघताना ज्या गोष्टी मला पक्क्या ठाऊक होत्या, त्यांतली एकही परत येताना धड उरली नव्हती.

आधी कशाला गेले ते सांगते. माझं नाव गिरजा. माझं माहेर आणि सासर दोन्ही जामनेर तालुक्यात, पहूरच्या पलीकडे. दोन गावांची शीव लागून आहे. माझी थोरली बहीण अक्का. तिला लांब दिली, पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. तिचा नवरा नाना. कागदावर त्यांचं नाव काय ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. मेहुण्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, सगळे नानाच म्हणत.

ऐंशीच्या निवडणुकीला नाना लोकसभेला अपक्ष उभे राहिले. त्यांच्या गावाला बोरीवर पूल नव्हता. पावसाळ्यात अडलेल्या बाईला खाटेवर घालून नदी पार करावी लागायची. पूल पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. चिन्ह मिळालं होडी. पारोळ्याच्या बाजारात लोक म्हणायचे, "नाना, पूल मांगतस आन् होडी दाखाडतस, एक काय ते नक्की करा."

प्रचाराला नाना आमच्याकडे आले. एक जीप, तिच्यावर भोंगा. आठ दिवस ते आमच्या बाजूच्या गावांत फिरले, कारण अक्काचे सगळे चुलते, मामा, मावश्या तिकडेच. जावई दारात आलेला. घरोघरी पाटावर बसवून जेवू घातलं, ओवाळलं. मी माझ्या गल्लीतल्या बायांना गोळा करून शाळेत नेलं आणि सांगितलं, होडी बघा आणि शिक्का मारा, दुसरीकडे बघू नका. मीही होडीवर मारला.

नाना पडले. डिपॉझिट गेलं. आणि घरी जाऊन त्यांनी अक्काला सांगितलं, तुझ्या माहेरच्या दोन्ही गावांतून मला एक मत पडलं नाही. एकही नाही.

अक्कानं माहेर तोडलं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरसाशी पोळी खातात. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकवत नाहीत. आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आमचा भाऊ दोन वर्षं मुराळी म्हणून गेला. दोन्ही वेळा अक्कानं त्याला ओट्यावरूनच परत लावला, पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. तिसऱ्या वर्षी तो गेला नाही. मीही गेले नाही. मी खोटी नव्हते तर मी का जावं, असं माझं म्हणणं. अशी दहा वर्षं गेली.

त्या वर्षी आमची आई ऐंशीच्या पुढे गेलेली होती आणि तिचं खाणं कमी झालं होतं. ती एकदाच बोलली, "आखाजीले दोन्ही पोरी पाह्यजे. पुढच्या आखाजीचं मी सांगत नाही." भाऊ म्हणाला, मी पाणी न पिता तिसऱ्यांदा येणार नाही. मग मी म्हटलं, मी जाते. भावजय हसायला लागली. "बाई मुराळी कधी पाह्यली नाही. मिशा लावून जा."

मी पिशवीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा घातला आणि निघाले. अक्काला सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, की मी शिक्का होडीवर मारला होता. ती मानेल की नाही याचा भरवसा नव्हता.

जळगाव

पहूरहून जळगावला जायला सकाळची गाडी बरी. नेरीपर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली. बिबड्यांच्या डब्यावर एका माणसानं खताची पिशवी ठेवली. मी बोलले त्याला, पण बिबड्यांचा चुरा झालाच.

जळगावात गुरुजींकडे उतरले. गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेत बारा वर्षं काढलेले मास्तर. माझ्या मुलांना त्यांनी शिकवलं, आणि माझा नवरा होता तोवर त्यांची बसउठ आमच्याच ओट्यावर. ऐंशीच्या आधीच त्यांची जळगावला बदली झाली, पुढे निवृत्त होऊन तिथंच घर बांधलं. त्यांच्या बायकोनं भरताची वांगी भाजली होती आणि कळण्याची भाकरी केली होती. त्या बाईचा हात चांगला. जळगावात नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि लोक त्याची तक्रार करतात. आम्ही विहिरीवरून आणतो, तक्रार कोणाकडे करायची?

जेवताना मी गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजी घास हातात धरून बसले.

"गिरजाबाई, नाना कुठून उभे होते?"

"लोकसभेला."

"लोकसभेला हो, पण कोणत्या मतदारसंघातून? पारोळा म्हणजे एरंडोल मतदारसंघ."

"असेल."

"असेल काय? आणि तुमचं गाव?"

"आमचं गाव पहूरजवळ. तुम्हाला माहीत नाही का, बारा वर्षं होते तिथं."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तुमचा जामनेर तालुका जळगाव मतदारसंघात. त्या साली मी इथं जळगावला मतमोजणीला होतो. तुमच्या गावची पेटी माझ्यासमोर उघडली. नानांची मोजणी वेगळी, त्यांचे उमेदवार वेगळे, त्यांची मतपत्रिका वेगळी. तुमच्या गावातून नानांना मत पडूच शकत नव्हतं. पहूरच्या माणसानं मद्रासला मत दिल्यासारखं झालं."

मला काही समजलं नाही. मी म्हटलं, "मी होडीवर शिक्का मारला. माझ्या डोळ्यांनी."

"होडी होती. इथल्या कागदावरही होडी होती. अपक्षांना चिन्हं वाटून देतात. तिकडे होडी नानांना दिली, इकडे दुसऱ्या कोणाला. भुसावळकडचा एक होमिओपाथीचा डॉक्टर होता. तुमच्या गावचा होडीचा गठ्ठा पाहून मीच चाट पडलो होतो. म्हटलं, ह्या डॉक्टरला तिकडे कोण ओळखतं?"

"म्हणजे माझं मत डॉक्टरला गेलं?"

"तुमचं आणि तुम्ही नेलेल्या सगळ्या बायांचं."

"त्याला तर मी पाह्यलं पण नाही."

गुरुजी रागावले. शाळेत रागवायचे तसेच. "चिन्हाच्या शेजारी नाव असतं. तुम्हाला वाचता येतं ना? वाचलं का नाही?"

मी म्हटलं, "शिक्का मारताना नाव कोण वाचतं? सांगितली होडी, मारली होडी. आणि वाचलं असतं तरी नानांचं कागदावरचं नाव मला कुठं ठाऊक होतं?"

गुरुजींची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू येत नव्हतं. मला एकदम एक गोष्ट आठवली. ऐंशी साली निवडणूक झाल्यावर महिन्याभरात आमच्या गावात एक अनोळखी माणूस आला होता. पांढरा शर्ट, हातात छत्री, ऊन-पाऊस काही नसताना. तो मारुतीच्या पाराजवळ उभा राहिला आणि प्रत्येकाला हात जोडायला लागला. पेढे वाटले. म्हणाला, तुमच्या गावाचे उपकार विसरणार नाही. आमच्या गावात कोणालाच तो कोण ते कळलं नाही. कोणी म्हणालं बियाणं विकणारा आहे, कोणी म्हणालं विम्याचा. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले. मीही दोन खाल्ले.

गुरुजी म्हणाले, "तोच."

आता सांगा. आमच्या गावानं जावयाला मत दिलं आणि ते परक्याला गेलं. परका येऊन पाया पडला आणि जावयानं नातं तोडलं. अक्का म्हणते तुम्ही मत दिलं नाही. ते बरोबर. आम्ही म्हणतो आम्ही दिलं. तेही बरोबर. मी दुपारभर गुरुजींच्या पलंगावर पडून याचाच विचार करत होते आणि माझं डोकं दुखायला लागलं. एक गोष्ट तेव्हाही खटकली. नाना उमेदवार होते. आपला मतदारसंघ कुठवर आहे हे उमेदवाराला ठाऊक नसतं का?

पारोळ्याकडे

दुसऱ्या दिवशी स्टँडवर मी चोपड्याच्या गाडीत जाऊन बसले. पाटी वाचली नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पारोळ्याले जायचं तर खाली उतरा, ही तापीपार चालली." गुरुजी असते तर पुन्हा वाचण्यावरून बोलले असते.

एरंडोलच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबली. ऊन फार. शेजारी एक म्हातारी कांदे घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, हे एरंडोल म्हणजे तेच का, मतदारसंघाचं? ती म्हणाली, "माले काय माहीत माय. मत मांगाले येतस तवय सांगतस, आते कोन सांगी?" तिचं बरोबर होतं. मी साठ वर्षांची झाले तोवर मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

इकडची बोली आमच्यापेक्षा वेगळी. आम्ही 'आहे' म्हणतो तिथं ते 'शे' म्हणतात, आम्ही 'मले' म्हणतो तिथं 'माले'. लहानपणी आम्हाला ते ऐकून हसू यायचं. अक्का लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली आणि 'शे' म्हणाली तेव्हा आई रडली होती, पोरगी परकी झाली म्हणून.

पारोळ्याहून दुसरी गाडी, आणि ती बोरीच्या अलीकडे सोडते. पुढे नदी पायी ओलांडायची. चैत्र-वैशाखात पाणी नव्हतं, नुसती वाळू. पूल अजून नव्हताच. वाळू तापली होती आणि मधोमध माझ्या चपलेचा अंगठा तुटला. अर्धी नदी एक चप्पल हातात घेऊन पार केली. तेव्हा मला वाटलं, पुलाची मागणी काही वेडी नव्हती.

नाना ओट्यावर एकटेच होते. फार वाळले होते. मला बघून उठले आणि टोपी शोधायला लागले.

"गिरजाबाई? तुम्ही कश्या काय उन्यात?"

"चालत. अक्का कुठं आहे?"

"धुळाले शे, पोरगाकडे. सून बाळंत व्हयनी. सव्वा महिना व्हयना, तरी येत नही."

म्हणजे जिच्यासाठी आले ती तिथं नव्हती. संध्याकाळी धुळ्याला जायला गाडी नाही, असं नाना म्हणाले. शेजारच्या बाईनं भाकरी आणि डुबुकवड्यांची आमटी आणून दिली. आमटी इतकी तिखट की माझ्या कानातून वाफ निघाली. आमच्याकडेही तिखट खातात, पण असं नाही.

जेवल्यावर नानांनी पत्र्याची पेटी उघडली. पेटीत सगळे निवडणुकीचे कागद. पहिल्या निवडणुकीपासूनचे. हस्तपत्रकं, मतदारयाद्या, वर्तमानपत्राची कात्रणं. ते मला एकेक दाखवायला लागले. पहिल्या निवडणुकीला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, आणि त्यांच्या गावच्या काही बाया चिठ्ठी पेटीत न टाकता वरच ठेवून आल्या, कारण देवापुढे ठेवतात तसंच असेल असं त्यांना वाटलं. मग एका कागदावर सगळी चिन्हं आली. मग कोणत्या साली कोणत्या तालुक्यानं कोणाला उचललं, अमळनेर काय करतं, पारोळा काय करतं, सत्याहत्तरला वारं कसं फिरलं आणि ऐंशीला परत कसं फिरलं. त्या मतदारसंघाचं इतकं सगळं त्यांना पाठ होतं की मास्तरलाही येणार नाही. मतदारयादीतली एक ओळ त्यांनी दाखवली. 'धाकटी सून' एवढंच लिहिलेलं. सासऱ्यानं नाव सांगितलं नाही म्हणून. ती धाकटी सून म्हणजे अक्का.

मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाना, एवढं येतं तुम्हाला. मग आमचं गाव कोणत्या मतदारसंघात, हे सांगा."

त्यांनी पेटी बंद केली. पुन्हा उघडली. आतले कागद सारखे केले.

"तुम्हले कोनी सांगं?"

"गुरुजींनी. जळगावात मतमोजणीला होते."

नानांनी पेटीचं झाकण लावून घेतलं. मग म्हणाले, "पहिलाच दिन समजनं माले. तुमना गावना तलाठीनी सांगं, नाना, हाई गाव तुमनं नही."

"पहिल्याच दिवशी? आणि मग आठ दिवस कशाले फिरले आमच्याकडे?"

"तुम्हीन दखं नही का, गिरजाबाई? तठे जीप दखीसनी पोरं पळेत. लोक जमेत. बाया ओवाळेत. मी पूलनं बोलू तं लोक ऐकी लेत. आठे मना तालुकामा मी भोंगा लावू तं लोक दार लाई लेत. शेवटले मीच ड्रायव्हरले सांगं, चाल, तठेच चाल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या गावांतून एक मत मिळणार नाही हे ठाऊक होतं, त्या गावांत हा माणूस आठ दिवस भोंगा लावून भाषणं करत होता, कारण तिथं लोक ऐकून घेत होते. याला वेडं म्हणावं की काय म्हणावं, मला आजही ठरवता येत नाही.

"ते राहू द्या. अक्काले असं का सांगितलं?"

"डिपॉझिट गयं. घर उनू. तिनी इचारं, मना माहेरना किती? मी सांगं, एक बी नही. खोटं नही सांगं मी. एक बी नव्हतं. पुढलं सांगतू तं आठ दिन तठे कशाले फिरनू हाई बी सांगनं पडतं. मनमा म्हणं, दोन दिनमा सांगी दिसू." ते थांबले. "दोन दिनना दहा वरीस व्हई गयात."

मी म्हटलं, "सकाळी धुळ्याले चला. तुम्ही सांगा. नाही तर मी सांगते, आणि मला गोड करून सांगता येत नाही."

"तुम्हीच सांगा. मी तोंड कसं दाखाडू?"

"दहा वर्षं दाखवलंच ना तिला रोज."

धुळे

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली, दुसरी, तिसरी. मला वाटलं सोपं असेल. पण चौथ्या गल्लीच्या पुढे आम्ही कुठेतरी वळलो आणि पुन्हा चौथ्याच गल्लीत आलो. नानांना साऱ्या मतदारसंघातली गावं पाठ, आणि पोराचं घर सापडेना. एका पानवाल्यानं रस्ता दाखवला.

अक्का दारातच शेंगा फोडत बसली होती. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिनं मला पाहिलं, नानांना पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. उठली, आत गेली आणि पाणी आणलं. एकच तांब्या. तो नानांच्या पुढे ठेवला आणि पुन्हा शेंगांपुढे बसली.

मी खाली बसले. नाना उभेच. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि सुरू केलं. पण कुठून सुरू केलं? पहिल्या निवडणुकीपासून. वेगळ्या पेट्या, मग एक कागद, मग अमळनेर, मग पारोळा. आतून सून बाळ घेऊन दारात येऊन उभी राहिली, तिला वाटलं सासरे पुन्हा उभे राहतात की काय.

अक्का शेंगा फोडत म्हणाली, "हाई माले पाठ शे. ऐंशीवर या."

नाना तांब्यातलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "ऐंशीले मनी चूक व्हयनी. तुना माहेरनं मत माले पडूच शकत नव्हतं. ते गाव मना मतदारसंघमा नव्हतंच."

अक्काचे हात थांबले. "म्हंजे?"

नाना माझ्याकडे पाहायला लागले. मग मला बोलावं लागलं. मी शेंगांचे दोन ढीग केले. हा पारोळा, हा जामनेर. इकडचा माणूस तिकडच्या ढिगातून दाणा घेऊ शकत नाही, असं सांगितलं.

"पण शेंगा तं एकच शेतस," अक्का म्हणाली.

"शेंगा एकच, पण मोजणारे वेगळे."

"आन् होडी?"

"होडी दोन्हीकडे होती. इकडे नानांची, तिकडे एका डॉक्टरची."

"एक होडीमा दोन मानसं कसा?"

"एक नाही गं, दोन होड्या."

"चित्र एकच ना?"

"चित्र एक."

"मंग?"

मी पुन्हा सांगितलं. मग नानांनी सांगितलं, मग त्यांचं आणि माझं जुळेना. मध्येच सून म्हणाली की शाळेत असंच शिकवलं होतं, पण तिलाही पूर्ण आठवेना. मी स्वतः जळगावात हे समजले होते, ते धुळ्यात सांगताना पुन्हा विसरायला लागले. पेढेवाल्याचं सांगितलं तेव्हा अक्का म्हणाली, "तू पेढा खाधा?"

"दोन."

अक्का उठली आणि नानांच्या समोर जाऊन उभी राहिली. "आन् तुम्हले कव्हय समजनं? मोजनीना दिन?"

मी तोंड उघडणार होते, पण नानांनी हात वर केला. "पहिलाच दिन," ते म्हणाले. आणि मग जे मला ओट्यावर सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. जीप, पोरं, ओवाळणं, दार लावून घेणारी माणसं. ह्या वेळी पहिल्या निवडणुकीपासून नाही, थेट सांगितलं. त्यांचा आवाज लहान झाला होता.

मला वाटलं आता अक्का रडेल किंवा ओरडेल. ती माझ्याकडे वळली.

"गिरजे, तू शिक्का मारा?"

"मारला."

"होडीवर?"

"होडीवरच. आणि गल्लीतल्या सगळ्या बायांना मारायला लावला."

"नाव नही वाचं?"

"नाही."

"येडी शे तू," अक्का म्हणाली. मग आत गेली आणि पाण्याचा दुसरा तांब्या भरून आणला. मी तो सगळा प्यायले. तहान लागली होती.

मग तिनं मला धारेवर धरलं. "दहा वरीसमा एक डाव बी उनी नही तू. भाऊ दोन डाव ऊना. तू नही."

"तू बोलावलं नाही."

"मी रुसेल व्हतू. रुसेल मानूस बलावस का? तशी तं तू शानी, साळामा जायेल."

मी आईचं सांगितलं, खाणं कमी झालं ते आणि आखाजीचं ती काय बोलली ते. अक्कानं सुनेला विचारलं, तुला जमेल का एकटीला? सून म्हणाली, जमेल. सव्वा महिना झालाच होता. अक्कानं कोपऱ्यातली पिशवी घेतली आणि दोन लुगडी घडी करून भरली.

नानांच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि कोपऱ्यातली काठी घेतली. "चला मंग. मी बी येस. दहा वरीसपासून सासुरवाडीनी आमरस-पोळी खाधी नही. तठला लोक..."

"तुम्ही नका येऊ," अक्का म्हणाली.

"काब्र?"

"तो तुमना मतदारसंघ नही."

सून बाळ घेऊन आत पळाली, तिला हसू आवरेना. नानाही हसायला गेले. मग अक्काचं तोंड पाहून थांबले, आणि काठी जिथून घेतली होती तिथं परत ठेवली.

परत

नाना स्टँडपर्यंत आले. पिशवी त्यांनीच उचलली होती. गाडी लागल्यावर खिडकीतून त्यांनी ती अक्काच्या मांडीवर दिली. अक्कानं घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडी सुटली तेव्हा ते तिथंच उभे होते. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. पण पूल मागणाऱ्या माणसाचं स्वतःच्या तालुक्यात कोणी ऐकून घेतलं नाही, हेही खरं होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला कळलं नाही.

पारोळ्याला अक्कानं विचारलं, "हाई आमनं ना?"

"हो."

एरंडोलला पुन्हा. "हाई?"

"हे पण. ह्याच्यावरूनच नाव आहे."

मग ती खिडकीशी सरकली. पुढे प्रत्येक गाव आलं की विचारायची, हे कोणाचं? एक फाटा, एक मारुतीचं देऊळ, एक ओढा. मी दोन-तीन गावांपर्यंत सांगितलं. त्यापुढे मला माहीत नव्हतं. जळगाव मतदारसंघ लागतो कुठून, ते मी गुरुजींना विचारलंच नव्हतं. कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, "मावशी, मी फक्त तिकिटाचा टप्पा सांगू शकतो."

"मला नाही माहीत," मी अक्काला म्हटलं.

तिनं तरी खिडकी सोडली नाही. पदर डोक्यावर धरून ती बाहेर बघत होती, जिच्या पलीकडे दहा वर्षं ती आली नव्हती ती शीव कुठंतरी दिसेल म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस निघालेली, नांगरलेली रानं होती. मागचीही तशीच आणि पुढचीही तशीच.